गच्चीवरची पवनचक्की

३ मार्च, संध्याकाळ

विजेचं दोन महिन्यांचं बिल आलं. आकडा इथे लिहीत नाही, ही वही मी स्वच्छ ठेवतो. बिलवाल्याने कागद दाराच्या फटीतून आत सरकवला आणि बेल न वाजवता पळाला. गुन्हेगार असाच पळतो.

शाळेत मी विज्ञान शिकवतो. व्होल्ट, अँपिअर, वॅट ही माझी घरची माणसं. अख्ख्या गावात वीज म्हणजे काय हे ज्याला कळतं असा माणूस एकच, आणि उधळपट्टी चाललीय त्याच्याच घरात.

चोर बाहेरचा नाही. संशयित तीन आहेत. पहिली संशयित ही, म्हणजे माझी बायको. मधल्या खोलीत हिची दोन शिलाई मशीन, दोन्हींना मोटर, शिवाय इस्त्री. शिवणकाम हा हिचा छंद. हल्ली दवाखान्यातल्या नर्सेसचे युनिफॉर्म शिवायची ऑर्डर घेतलीय, त्यामुळे छंद फारच वाढलाय. मदतीला एक बाई येते, काजं-बटणं करायला. दुसरी संशयित आई. टीव्ही लावते आणि स्वतः झोपते, टीव्ही जागा राहतो. तिसरी आमची लेक. कॉलेजात जाते आणि यंत्राने केस वाळवते. केस हवेने आपोआप वाळतात, याला बाष्पीभवन म्हणतात. तिला आठवीत मीच शिकवलं होतं.

माझ्या खोलीतला एसी यात धरलेला नाही. एसी अठरावर ठेवला की खोली झटकन गार होते आणि मग मशीन विश्रांती घेतं. म्हणजे ती उलट बचतच. शिवाय डोकं थंड असल्याशिवाय पेपर तपासता येत नाहीत. आत्ताही एसीतच बसलोय, म्हणून इतकं मुद्देसूद सुचतंय.

संकल्प: उन्हाळा संपायच्या आत बिल निम्म्यावर.

४ मार्च

जेवणं झाल्यावर सर्वांना हॉलमध्ये बसवलं. फळा नव्हता म्हणून कॅलेंडर उलटं करून मागच्या बाजूवर आकृत्या काढल्या. नियम समजावले. पॅसेजचा दिवा कायमचा बंद. टीव्ही फक्त बातम्यांपुरता. केस उन्हात. इस्त्री नाही, कपडे नीट घडी घालून गादीखाली ठेवावेत, सकाळी कडक निघतात.

आईने विचारलं की हे अजून किती वेळ चालणार. लेक मोबाइलवर काहीतरी लिहीत होती, बहुतेक नोट्स. ही कॉलरला टाचण्या लावत होती. तोंडातही टाचण्या होत्या, त्यामुळे तिने कशालाच हरकत घेतली नाही. ठराव एकमताने मंजूर.

६ मार्च

पॅसेजचा बल्ब काढला. आई अंधारात स्टुलावर आपटली, गुडघा सुजला. स्टूल वाटेत कुणी ठेवलं याची चौकशी केली. बल्ब काढायला मीच ठेवलं होतं. पण ते उचलून जागेवर ठेवावं, हे तीन बायकांपैकी एकीलाही सुचू नये? घरात जबाबदारीची जाणीवच उरलेली नाही.

९ मार्च

इस्त्री चालूच. हिला नियमाची आठवण करून दिली. ही म्हणाली, इतक्या शर्टांवर झोपायचं तर माणसं भाड्याने आणावी लागतील. लेक म्हणाली, बाबांच्या गादीखाली ठेवू, एसीत चुरगळणारही नाहीत.

खवचटपणा हिच्या माहेरचा आहे. आमच्याकडे नव्हता.

१२ मार्च

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. बाजारात फरशांचं दुकान आहे. शिक्षणाबद्दल न बोललेलं बरं, बी.कॉम. झाला तोच दुसऱ्या दमात.

छपरावर सोलर बसवलंय म्हणे. सोफ्यावर बसून अर्धा तास मोबाइलवर आलेख दाखवत होता. हा बघा भाऊजी, दुपारचा. हा बघा, कालचा. बिल जवळपास गेलंच. मी विचारलं, सूर्य मावळल्यावर काय करता. तो म्हणाला, दिवसाची जास्तीची वीज कंपनीला जाते, रात्री तिकडून घेतो, महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते. म्हणजे उसनवारी. मी हसलो. तोही हसला. मी कशाला हसलो ते त्याला कळलं नाही.

जाताना म्हणाला, माझा माणूस पाठवतो, छप्पर बघून जाईल. ही लगेच म्हणाली, पाठव की. आईने विचारलं, त्यावर दुपारचा टीव्ही चालेल का. तो म्हणाला, दिवसभर चालेल. आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू तिला मुलगा निवडण्यात चूक झाली.

सोलर वाईट आहे असं मी कुठे म्हणतो. दहावीला तो धडा मीच शिकवतो. पण मेहुण्याने आधी बसवलं आणि मागून आपण, म्हणजे जन्मभर प्रत्येक लग्नात ऐकायचं, भाऊजींना मीच सुचवलं. त्यापेक्षा अंधार परवडला.

त्याच्या माणसाला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. घरी म्हटलं, आलाच नाही, असलीच माणसं.

१३ मार्च, सकाळी

गच्चीवर उभा होतो. वाळत घातलेली चादर सुटली आणि उडत शेजारच्या गच्चीवर गेली. इतरांना यात चादर दिसली असती. मला किलोवॅट दिसले.

वारा. सगळं गाव सूर्याच्या मागे लागलंय आणि वाऱ्याकडे कुणाचं लक्षच नाही. पवनचक्की. स्वतःची. गच्चीवर. रात्रीसुद्धा चालणारी. मेहुण्याने रात्री फक्त बघत बसावं.

१६ मार्च

वाऱ्याचं शास्त्रीय निरीक्षण सुरू. गच्चीच्या कठड्याला काठी बांधून तिला रुमाल लावला. मी शाळेत असताना नोंद आईने करायची असं ठरलं, तिच्या खिडकीतून काठी दिसते. संध्याकाळी तिला विचारलं. म्हणाली, हलला. कधी? दुपारी. किती वेळ? म्हणाली, मी काय त्याच्याकडे बघत बसले होते का.

निष्कर्ष: दुपारी भरपूर वारा.

१८ मार्च

वेल्डरकडे गेलो. गावात त्याला ठिणगी म्हणतात. गेट बनवतो, खिडक्यांच्या जाळ्या बनवतो, एरवी दारात खुर्ची टाकून मोबाइलवर कुस्त्या बघतो. त्याला म्हटलं, पवनचक्की म्हणजे तरी काय, फिरणारं गेट. तो म्हणाला, होऊन जाईल. आकृती दाखवली. ती उलटी धरून म्हणाला, होऊन जाईल. कोणता रंग मारू एवढंच विचारलं. निळा म्हटलं. म्हणाला, हिरवा शिल्लक आहे.

असल्या माणसांकडून काम करून घ्यायचं म्हणजे डोकं पूर्णपणे आपलं लागतं. सुदैवाने ते आहे.

२० मार्च

पाती विकत आणणं हा मूर्खपणा. घरात तीन पाती आधीच आहेत, वर्षानुवर्षं फुकट गोल फिरतायत. हॉलचा पंखा काढला.

ओरड झाली. अपेक्षितच होती. मी समजावलं की मार्चमध्ये खरं तर गरम होत नाही, गरम होतंय असं मनाला वाटतं. आई म्हणाली, मग माझं मन तुझ्या एसीत नेऊन बसव. ते शक्य नाही. तिथे टीव्ही नाही, आणि दार सारखं उघडं राहिलं तर गारवा वाया जातो. हे सांगितल्यावर ती पदराने वारा घेत बसली. मग म्हणाली, तुझे वडीलही असेच होते, पण ते निदान गप्प बसायचे.

वडिलांना कशातच पुढाकार नव्हता हे खरं आहे.

२४ मार्च

एकच अडचण उरली होती: जनरेटर. बाजारात विचारलं, भाव ऐकून परत आलो. पण उपाय समोरच होता. मोटरला वीज दिली की ती फिरते. म्हणजेच मोटर फिरवली की ती वीज देते. सरळ आहे.

ही आज काजंवाल्या बाईला घेऊन कापड आणायला बाहेरगावी गेली होती. मधल्या खोलीत दोन मशीन, दोन मोटरी. एक बाई एका वेळी एकाच मशीनवर बसू शकते. (काजंवाल्या बाईंना धरलेलं नाही. त्या पायानेही चालवू शकतात, व्यायाम होतो.) मोटर सोडवली आणि थेट ठिणगीकडे दिली. त्याने माझ्यासमोरच खांबाला जोडून टाकली. पहिल्यांदाच एखादं काम वेळेवर केलं.

२५ मार्च

ही आली. मशीनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी सगळं शास्त्र नीट समजावून सांगितलं.

हिने विचारलं, मोटर परत मिळेल का. म्हटलं, वेल्ड झाली. ही म्हणाली, महिनाअखेरीला शर्ट द्यायचेत, निम्मे बाकी आहेत, एका मशीनवर होणार नाहीत. मग म्हणाली, तुम्ही मला विचारलं का नाही. म्हटलं, तू घरात नव्हतीस. म्हणाली, फोन होता. म्हटलं, फोनवर फिजिक्स कळत नाही.

 त्यावर ही कापडाचे गठ्ठे एकावर एक रचत बसली. पटलं असावं. पटलेलं माणूस असंच शांत होतं.

२६ मार्च

सकाळी दारात मेहुण्याचा टेम्पो. फरशा पोचवायचा, पांढऱ्या धुळीने माखलेला. हिने तो आधी ओल्या फडक्याने पुसला, मग त्यात मशीन चढवली, इस्त्री चढवली, कापड चढवलं. मेहुण्याकडे दिवसभर फुकट वीज आहे, आणि त्याच्या बायकोचं एक मशीन नुसतं पडून आहे, असं सांगितलं. ऑर्डर संपेपर्यंत तिकडेच.

मी म्हटलं, उत्तम. तेवढाच आपल्या मीटरवरचा भार कमी.

मग बघतो तर आई पुढच्या सीटवर बसलेली. मांडीवर पिशवी. म्हटलं, तू कुठे निघालीस. म्हणाली, जिथे पंखा आहे तिथे. लेकही चढली. म्हणाली, मी संध्याकाळी येते बाबा. कोणत्या संध्याकाळी ते सांगितलं नाही.

हिने निघताना सांगितलं की सगळ्या डब्यांवर नावं लिहिलीत, दूध ठेवलं की समोरून हलायचं नाही. मला काय सांगते. दूध का उतू जातं यावर मी तास घेतो.

टेम्पो वळला तेव्हा मेहुण्याने हात केला. मी घड्याळ बघत होतो.

२७ मार्च

घर कसं शांत. तिन्ही संशयित बाहेर. मीटर अगदी संथ फिरतंय, थांबून बघत राहावंसं वाटतं. आता निष्कर्ष पुराव्यानिशी मिळणार.

आनंदात खोलीचं दार उघडं ठेवून एसी सोडला. सगळं घर गार होतं का, हा वेगळा प्रयोग. होत नाही.

२९ मार्च

दूध उतू गेलं. गॅसला वीज लागत नाही, तेव्हा या वहीशी त्याचा संबंध नाही.

३१ मार्च

मीठ समजून घेतलेला डबा साखरेचा निघाला. नाव लिहिलेलं होतं, पण अक्षर हिचं. अक्षरावर मेहनत घेतली पाहिजे.

हिचा फोन आला. शर्ट पूर्ण झाले, दवाखान्यात पोचते केले. म्हटलं, मग कधी येतेस. म्हणाली, तिथल्या मोठ्या बाईंना शिलाई आवडली, आणखी काम देतायत, तेव्हा बघते. नंतर विचारलं, हॉलचा पंखा लागला का. मी म्हटलं, पंखा आता पंखा राहिलेला नाही. तिकडून मशीनचा आवाज येत होता. ऐकू गेलं नसावं.

३ एप्रिल

पवनचक्की उभी राहिली. ठिणगी आणि मी, दोघांनी चढवली. पाण्याच्या टाकीला लागून लोखंडी खांब, त्यावर मोटर, मोटरला तीन पाती, हिरवी. खाली वायर, वायरला एक छोटा बल्ब, प्रात्यक्षिकापुरता. थांबवायची सोय ठेवलेली नाही. थांबवायचं कशाला, वीज नकोय का आपल्याला?

रस्त्यावरून जाणारे मान वर करून बघतात. एकाने विचारलं, पाखरं हाकलायला का. गावाची एकूण समज ही अशी.

५ एप्रिल, रविवार

उद्घाटन. हेडमास्तर आले, चित्रकलेचे सर आले. ही आली नाही, नवीन ऑर्डर कापायला घेतलीय. मेहुणा मात्र हजर. आइस्क्रीमचा डबा घेऊन.

वारा नव्हता. अर्धा तास आम्ही वर बघत उभे होतो. हेडमास्तरांनी मान चोळत विचारलं, फिरतं का. मी विषय वाऱ्याच्या मोसमी स्वरूपाकडे नेला. चित्रकलेचे सर म्हणाले, स्थिर असतानाच आकार जास्त खुलतो. शेवटी मी लांब झाडूने पाती ढकलली. दोन चकरा झाल्या. बल्ब लागला असणार. ऊन असल्यामुळे दिसलं नाही.

मेहुणा म्हणाला, भारी आहे भाऊजी. त्याच्या तोंडून इतका मोठा अपमान कधी ऐकला नव्हता. आइस्क्रीम लगेच संपवावं लागलं, फ्रिज बंद ठेवलाय.

१० एप्रिल, दुपारी

हे आत्ताच लिहून ठेवतो.

शाळा लवकर सुटली. घरी आलो तर वारं सुटलेलं. झाडं वाकत होती, रस्त्यावर कागद नाचत होते. पायऱ्या चढून वर गेलो आणि बघतो तो चक्की फिरतेय. फिरतेय म्हणजे काय, पाती दिसेनाशी झालीत. आणि बल्ब लागलेला. पिवळा, मंद, पण लागलेला. मी बनवलेली वीज.

हिला फोन लावला. मला बोलताच येईना. नुसतं म्हणत होतो, लागला, लागला. ही घाबरून म्हणाली, लागलं? कुठे लागलं? म्हटलं, अगं बल्ब. ती म्हणाली, खरंच? खरंच लागला? अशा आवाजात माझ्याशी ती फार दिवसांनी बोलली. मी म्हटलं, तू इथे हवी होतीस.

तेवढ्यात गच्ची हलायला लागली. खांब भणभणत होता. एक पातं सुटलं, माझ्या कानाजवळून गेलं आणि टाकीत घुसलं. टाकी फाटली. सगळं पाणी जिन्यावरून खाली. जिन्याखाली मीटर. तिथून फट् असा आवाज आला आणि घर विझलं. बल्बसुद्धा.

फोन चालूच होता. ही ओरडून विचारत होती, तुम्हाला लागलं का. म्हटलं, नाही, पातं टाकीला लागलं.

निष्कर्ष: वीज तयार होते. बाकी तपशील.

१३ एप्रिल

वायरमन आज उगवला. सगळे त्याला ‘उद्या’ म्हणतात, कारण तेच त्याचं उत्तर. मीटर जळालंय म्हणाला, ते कंपनीच बदलणार, मी हात लावला तर माझं लायसन जाईल. एवढं सांगायला तीन दिवस आणि एक चहा. दूध नव्हतं, तरी प्यायला.

१५ एप्रिल

वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. टेबलामागे एक माणूस पेपर वाचत होता, पंखा थेट त्याच्यावर. अर्ज दिला. भिंतीवरच्या सूचनाफलकात ‘अँपिअर’ चुकीचं लिहिलं होतं, ते त्याला दाखवून दिलं. आणखी दोन चुका दाखवल्या. त्याने आभार मानले आणि माझा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. तिथे सुरक्षित राहील म्हणून असावं.

१७ एप्रिल

काही बिघडत नाही. खरंच काही बिघडत नाही. उजाडलं की उठायचं, मावळलं की पडायचं. माणूस हजारो वर्षं असाच जगला. खोलीत मात्र बसवत नाही, भट्टी झालीय. पायरीवर बसून लिहितोय. अक्षरावर घाम पडतो.

जमेची बाजू: विजेचा वापर शून्य. मी निम्म्याचा संकल्प केला होता. शून्यावर आणून ठेवलं. मेहुण्याने आता आलेख दाखवावेत.

जेवण म्हणजे पाव, उकडलेली अंडी. काल पाव, परवाही पाव.

१८ एप्रिल

मोबाइल, टॉर्च आणि दाढीचं मशीन शाळेच्या प्रयोगशाळेत चार्जिंगला लावलं होतं. हेडमास्तर आत आले. बराच वेळ प्लगांकडे बघून म्हणाले, सर, घरून आणखी काय येणार आहे. मी म्हटलं, शाळेची वीज शिक्षणासाठी आहे आणि मी शिक्षक आहे. ते मान हलवून निघून गेले. संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप लागलं होतं.

२१ एप्रिल

लेक आली. पुस्तकं न्यायला म्हणाली. हॉलमध्ये उभी राहून छताच्या रिकाम्या हुकाकडे बघत होती.

तिच्याकडून कळलं की दवाखान्याने वर्षभराचं काम दिलंय. आता चार बायका शिवतात. मामाच्या दुकानाशेजारचा गाळा रिकामा होता, तो हिने भाड्याने घेतला. वीजजोडही मिळाला, हिच्या नावावर. पहिल्याच अर्जात. मी म्हटलं, छंद कुठपर्यंत जाऊ द्यायचा याचा विचार केला पाहिजे. लेक म्हणाली, बाबा, आपलं बिल दोन वर्षं आईच भरतेय, त्याच छंदातून. मी म्हटलं, कोण भरतं हा मुद्दा गौण आहे, बिल किती येतं हा मुद्दा आहे.

ती म्हणाली, चला ना तिकडे. म्हटलं, प्रयोग अर्धवट सोडता येत नाही. ती डबा ठेवून गेली. हिने पाठवलेला.

डब्याबद्दल काही लिहीत नाही. उभ्यानेच संपवला.

२६ एप्रिल

चहाच्या टपरीवर मोबाइल चार्ज करून आईला फोन केला. तब्येतीची चौकशी केली. म्हणाली, झकास, बटणं लावते दिवसभर, चार बायका असतात गप्पा मारायला, टीव्हीची आठवणसुद्धा होत नाही. म्हटलं, म्हणजे टीव्ही सुटला. मी हेच सांगत होतो. आईने फोन हिच्याकडे दिला. ही म्हणाली, मीटर लागलं का हो. म्हटलं, लागेल. म्हणाली, मी ऑफिसात बोलून बघू का. म्हटलं, काही गरज नाही. तिथल्या माणसाशी माझं बोलणं झालंय.

४ मे

आज बिल येणार हे ठाऊक होतं. शाळेतून लवकर निघालो. बिलवाल्याला दारातच गाठलं, पळू दिलं नाही. हात मिळवला त्याच्याशी. घाबरला बिचारा.

उघडलं. मागच्याइतकंच. थोडं जास्तच.

तसाच वीज कंपनीत गेलो. तोच माणूस, तोच पंखा. त्याने कागद बघितला आणि सांगितलं की मीटर जळालेलं आहे, रीडिंग मिळालं नाही, तेव्हा मागच्या काही महिन्यांची सरासरी लावलीय. मी म्हटलं, अहो, मी महिनाभर अंधारात बसलोय. वापर शून्य आहे. तो म्हणाला, असेल. पण आम्हाला कसं कळणार? अंधाराचं रीडिंग नसतं सर.

मी म्हटलं, सरासरी तरी इतकी कशी. त्याने जुन्या नोंदी काढल्या. म्हणाला, मागच्या महिन्यांत तुमच्याकडे एसी बराच चाललेला दिसतो.

त्याला काय कळतंय. तरी वाद घातला नाही. ऊन फार होतं.

५ मे

हिला ही बाब कळवणं आवश्यक होतं, म्हणून शाळा सुटल्यावर गाळ्यावर गेलो. दारावर पाटी नाही, पण आवाज रस्त्यापर्यंत येतो. आत ओळीने मशीन, भिंतीपर्यंत पांढऱ्या कापडाचे गठ्ठे, वर दोन पंखे. आई दाराशीच बसली होती. मला बघून म्हणाली, चपला बाहेर काढ, कापड पांढरं आहे.

मी उभ्यानेच सगळी हकीकत सांगितली. सरासरी या संकल्पनेतली मूलभूत चूक सांगितली. मशीन चालू होती, कुणाला काही ऐकू गेलं नाही. माझं बोलून झाल्यावर हिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, जेवलात का.

म्हटलं, हो. ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हटलं, नाही.

डबा उघडून दिला. जेवलो. पंख्याखाली. आई म्हणाली, सावकाश, कुणी मागे लागलेलं नाही.

मग हिला विचारलं, घरी कधी. ही म्हणाली, मीटर लागू दे, हॉलला पंखा लागू दे, मग बघू. आणि रविवारी माझ्या भावाचा माणूस छप्पर बघायला येणार आहे, त्याला मी बोलावलंय, तुम्ही फोन करू नका. मी म्हटलं, तसा माझा सोलरला तात्त्विक विरोध कधीच नव्हता. हिने मान हलवली आणि माझ्यापुढे एक स्टूल, एक छोटी कात्री आणि शिवलेल्या शर्टांचा ढीग ठेवला. सुटलेले धागे कापायचे. शिलाईला कात्री लावायची नाही.

तांत्रिक सल्लागाराची इथे गरज आहेच. सुरुवात प्रत्यक्ष कामापासून करावी हे मलाही पटलं.

संध्याकाळपर्यंत ढीग उपसला. काजंवाल्या बाईंनी एकेक शर्ट उजेडात धरून तपासला. काही परत दिले. बगलेतले धागे राहिलेत म्हणाल्या. मी म्हटलं, बगलेत कोण बघतं. त्या म्हणाल्या, मी बघते. पुन्हा कापले.

घरी आलो. अंधार आहे. मेणबत्ती संपत आलीय, थोडक्यात लिहितो. उद्या शाळा सुटली की परत यायला सांगितलंय. उशीर करायचा नाही, असंही सांगितलंय. धागे कापायला दुसरी एक बाई यायला तयार आहे.